शाल कोणाच्या खांद्यावर? एका निसर्ग उद्यानाच्या सन्मानाचं प्रकरण

आमचं मंडळ छोटं आहे. शीवला तीन सोसायट्या मिळून चालवतो. गणपती, कोजागिरी, दहावीच्या मुलांचं कौतुक आणि वर्षातून एकदा एखाद्या संस्थेचा सन्मान, इतकाच व्याप. सन्मानाचा नंबर आतापर्यंत वृद्धाश्रम, रक्तपेढी, वाचनालय असा लागत आलाय. गेल्या वेळच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, अरे आपल्या दारातच महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, इतकी वर्षं पोरांना निसर्ग शिकवतंय, यंदा त्याचाच करू या की. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला, विषय मंजूर. आणि मला मराठी टायपिंग येतं या एकाच गुन्ह्याखाली मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पुढे जे लिहितेय ते त्या कामाचं अख्खं प्रकरण आहे, म्हणजे ठरलं काय, अडलं कुठे, झालं काय आणि आमचं चुकलं काय. दुसऱ्या कुठल्या मंडळाला असलं काही करायचं असेल तर निदान आमच्या चुका त्यांना फुकटात मिळतील.

मुंबईबाहेरच्यांसाठी आधी जागा सांगते. शीव-वांद्रे लिंक रोडवर धारावी डेपोच्या समोर हे उद्यान. बसमध्ये 'निसर्ग उद्यान' म्हणालात तर कंडक्टर एखादवेळेस तुमच्या तोंडाकडे बघत राहील, 'धारावी डेपो' म्हणायचं आणि उतरायचं. एका अंगाला धारावी, दुसऱ्या अंगाला मिठी नदी, नदीपलीकडे बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, काचेच्या इमारती, आणि मधे ही ३७ एकरांची गर्द झाडी. आत पाच मिनिटं चाललं की रस्त्याचा आवाज मागे पडतो, पूर्ण जात नाही हां, हॉर्न ऐकू येतोच, पण शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकू यावा तसा. आम्ही शीवकर वर्षानुवर्षं याच्या बाजूने बसने जातो आणि खिडकीतून बघतो. आत किती जण गेलेत असं मीटिंगमध्ये विचारलं तर अकरा जणांतले चार हात वर आले, त्यातले दोन शाळेच्या सहलीचे, म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीचे. सन्मान करायला निघालेल्या मंडळाची ही अवस्था.

पहिला खर्डा मी एका संध्याकाळी घरी बसून उरकला. मानपत्राची भाषा आपल्याला सगळ्यांना येते, ती आपोआप वाहते. सुरुवातीला सगळ्यांना पाठ असलेला तो अभंग, मग 'मुंबापुरीचं फुफ्फुस', मग 'काँक्रीटच्या जंगलातलं हिरवं स्वप्न', मग 'भावी पिढीवर पर्यावरणाचे संस्कार', शेवटी 'आपल्या कार्यास आमचे शतशः प्रणाम'. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते खूश. "ताई, डोळ्यात पाणी आलं हो," म्हणाले. माझ्या नाही आलं. रात्री झोपताना डोक्यात किडा वळवळला की यातलं उद्यानाचं नाव काढून राणीची बाग टाकली तर काय बदलावं लागेल? काहीच नाही. पुण्यातली कुठली बाग टाकली तरी 'मुंबापुरी' तेवढी खोडायची. म्हणजे मी जे लिहिलं होतं ते या जागेचं कौतुक नव्हतंच, ते झाडांचं सर्वसाधारण कौतुक होतं, आणि झाडांना त्याची गरज नाही.

मग माहिती काढायला बसले. आणि तिथे प्रकरण फिरलं.

ही जागा म्हणजे डम्पिंग ग्राऊंड. शहराचा कचरा वर्षानुवर्षं इथे, मिठीच्या काठावर टाकला जायचा, १९७७ मध्ये ते बंद झालं. त्या सुमारास डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या निसर्ग संवर्धन संस्थेच्या लोकांनी सुचवलं की या कचऱ्याच्या ढिगावर निसर्ग शिक्षणाची जागा करता येईल. त्या काळात ही कल्पना ऐकून किती लोक हसले असतील याचा मी नुसता अंदाज करू शकते, कारण आजही बंद झालेलं डम्पिंग म्हटलं की आपल्याला आधी बिल्डर आठवतो. तेव्हाची बीएमआरडीए, म्हणजे आताची एमएमआरडीए, मुंबई महानगराच्या विकासाचं सरकारी प्राधिकरण, हिने ते अंगावर घेतलं. १९८३ मध्ये लागवड सुरू झाली, पहिलं रोप डॉ. सालिम अलींच्या हातचं. पक्ष्यांचा तो माणूस १८९६ चा, म्हणजे रोप लावताना ऐंशीच्या वर वय. १९८७ ला ते गेले. आणि उद्यानाचं उद्घाटन झालं २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरा दिनाला.

आता या तारखा एका खाली एक ठेवून बघा. डम्पिंग बंद झाल्यापासून गेट उघडेपर्यंत १७ वर्षं. पहिल्या रोपापासून फीत कापेपर्यंत ११ वर्षं. आपल्याकडे आधी फीत कापतात, फोटो निघतो आणि मग खड्डे खणायला माणूस शोधतात, इथे उलटं झालं. ज्यांच्या हाताने पहिलं रोप लागलं ते उद्घाटनाला हयात नव्हते. मला हे वाचून पहिल्यांदा वाटलं की हां, इथे सन्मान करण्यासारखं काहीतरी आहे आणि ते 'फुफ्फुस' वगैरे नाही.

आणि कचऱ्याचं काय झालं? माझी इतकी वर्षं समजूत अशी होती की कचरा उचलून कुठेतरी नेला असेल. तसं नसतं. अशा जागी कचरा तिथेच राहतो, वरून मातीचा थर देतात. खाली कचरा दाबला गेला की हवा पोचत नाही आणि तो हवेशिवाय कुजतो, त्यातून मिथेन निघतो. मुळांनाही हवा लागते आणि खाली हा गॅस भरलेला. कचऱ्यातून पाणी झिरपलं की काळपट विषारी रस खाली उतरतो, आणि कचरा कुजत जाईल तशी जमीन खचते, पण सगळीकडे सारखी नाही, इथे वीतभर, तिथे हातभर. अशा जमिनीत नर्सरीतून आणलेलं नाजूक रोप लावून उपयोग नसतो, आधी दणकट, कुठेही तग धरणारी झाडं लावायची, त्यांचा पाला पडू द्यायचा, तो झाडून न्यायचा नाही, तिथेच कुजू द्यायचा, त्यातून माती तयार व्हायची वाट बघायची, मग पुढची झाडं. म्हणजे खरं काम झाडं लावण्याचं नव्हतं, माती करण्याचं होतं. आपण मानपत्रात 'वृक्षारोपण' लिहितो कारण तो शब्द तयार असतो. माती करण्याला तसा तयार शब्दच नाही बघा.

दुसरा खर्डा मी या सगळ्या भरात लिहिला. सगळ्या तारखा, मिथेन, मातीचे थर, १९९१ मध्ये जागा संरक्षित वन म्हणून जाहीर झाली ते, सगळं कोंबलं. आप्पांनी चष्मा लावून दीड पान वाचलं आणि म्हणाले, "अहो ताई, हे मानपत्र आहे का सातबारा?" बरोबर होतं त्यांचं. पण अभंग-फुफ्फुसवालं परत आणायला मी तयार नव्हते, त्यावरून आमची थोडी वाजली.

तेवढ्यात दुसरा पेच समोर आला, आणि खरं तर हाच मुख्य. सन्मान घ्यायला कोण येणार? वृद्धाश्रमाच्या बाई होत्या, वाचनालयाचे ग्रंथपाल होते, शाल घालायला खांदा होता. इथे कोणाचा खांदा? उद्यान सरकारी प्राधिकरणाच्या हाताखालचं, अधिकारी आज आहेत उद्या बदलून जातील. कल्पना ज्या लोकांची त्यांनी ती सुचवली त्याला चाळीसहून जास्त वर्षं होऊन गेली. रोज पाला गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकणारा जो माळी असेल त्याला स्टेजवर बोलवावं असं मी म्हटलं, तर खजिनदार वहिनी म्हणाल्या की एकाला बोलवलं तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय, आणि त्याला आपल्या हॉलमध्ये खुर्चीवर दोन तास अवघडून बसवून आपण नक्की कोणाला बरं वाटावं म्हणून हे करतोय? हा प्रश्न झणझणीत होता. कोणी उत्तर दिलं नाही, सगळे बिस्किटं खात राहिले.

एक तरुण मेंबर म्हणाला की ठराव करून सरकारला पाठवू या, 'उद्यान असंच राहिलं पाहिजे' म्हणून. त्याला संदर्भ होता. धारावी पुनर्विकासाच्या हद्दीत उद्यानाची जमीन येते की काय यावरून मधे बराच गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथे सरकारी बाजूने सांगण्यात आलं की उद्यान प्रकल्पाचा भाग नाही. आप्पांचं म्हणणं, आपण सन्मान करतोय, मोर्चा नाही. तरुणाचं म्हणणं, जागा राहिली तर सन्मान. दोघंही बरोबर, त्यामुळे भांडण लांबलं. शेवटी तोडगा असा निघाला की मानपत्रात मागणी करायची नाही, पण 'संरक्षित वन' हे शब्द घालायचे. ज्याला कळायचं त्याला कळेल. मला हा तोडगा तेव्हा लबाड वाटला होता, आता तितका वाटत नाही.

मग वहिनींनीच मार्ग काढला. दरवर्षी आपण शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पुष्पगुच्छ, हॉल आणि अल्पोपाहार मिळून बारा हजारांच्या आसपास घालवतो. त्या म्हणाल्या, जी जागा मुलांना शिकवण्यासाठी केलीय तिचा सन्मान म्हणजे तिथे मुलं नेणं. हॉल नको, स्टेज नको, त्या पैशात बस करा, तिकिटं काढा, चाळीस मुलं घेऊन चला, आणि मानपत्र तिथेच झाडाखाली मुलांसमोर वाचा. आमची एक मेंबर धारावीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते, तिकडची वीस मुलं आणि सोसायट्यांमधली वीस. आप्पा जरा हिरमुसले, त्यांचं भाषण गेलं, पण मान्य केलं. एक अट घातली की मानपत्र मात्र रीतसर छापून, फ्रेमसारखं दिसलं पाहिजे, कागदाचा कपटा नको. ही अट लक्षात ठेवा, पुढे येतेय.

मुलांची टोळी नेण्याआधी मी आणि अभ्यासिकेवाली मैत्रीण एकदा नुसत्या बघायला गेलो. जुलैअखेर, धो धो पडून गेलेला, झाडं ठिबकत होती, डास असे की ओडोमॉसची अख्खी ट्यूब संपली. एका उताराच्या कडेला पावसाने माती थोडी धुऊन गेली होती आणि तिथे काचेच्या बाटलीची मान वर आलेली, तिच्या बाजूला फिकट निळं काहीतरी, बहुतेक जुन्या चपलेचा पट्टा. त्याला बिलगून एका झाडाचं करंगळीएवढं मूळ गेलेलं, अगदी वळसा घालून, गर्दीत आपण एखाद्याला चुकवून जातो तसं. मी तिथे बराच वेळ उभी होते. वाचलं होतं की कचरा खाली आहे, पण वाचणं वेगळं. पन्नास-एक वर्षांपूर्वी कोणीतरी ती चप्पल फेकली, आणि ती अजून तिथेच आहे, नुसती झाडाच्या पायाशी झोपलीय.

तिसरा खर्डा मी त्याच संध्याकाळी लिहिला, नऊ ओळींचा. त्यात बाटली होती, सतरा वर्षं होती, संरक्षित वन होतं, आणि अभंग नव्हता.

पर्यावरण शिक्षण या शब्दाबद्दल एक आडवळण घेते, कारण मुलांना घेऊन जाताना हाच प्रश्न होता की शिकवायचं काय. १९७७ मध्ये, म्हणजे इथलं डम्पिंग बंद झालं त्याच वर्षी, सोव्हिएत युनियनमधल्या तिबिलिसीला युनेस्कोने जगभरच्या सरकारांची परिषद भरवली होती, पर्यावरण शिक्षणावरची तशी पहिलीच. तिथे ठरलं ते थोडक्यात असं की नुसती माहिती देऊन भागणार नाही, माणसाला आजूबाजूचं दिसायला लागलं पाहिजे आणि त्याबद्दल काही करता आलं पाहिजे. आपल्याकडे १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा विषय शाळा-कॉलेजात सक्तीचा करा. झाला सक्तीचा. आणि सक्तीचा झाला की जे होतं तेच झालं, प्रोजेक्ट वही, कव्हरवर पृथ्वीचं चित्र, डोळ्यात अश्रू, डोक्याला बँडेज. माझ्या मुलीचा प्रोजेक्ट मी केलाय, स्टेशनरीवाल्याकडे ओझोनच्या भोकाचं चित्र पाच रुपयाला मिळतं, त्यामुळे मला माहीत आहे. ज्या गोष्टीला वास नाही, जी चावत नाही, जिच्यावर पाय घसरत नाही, तिच्याबद्दल मुलांना काय वाटणार? शहरात अशा जागेचं काम इतकंच की वास येऊ द्यावा आणि पाय घसरू द्यावा.

आम्ही २२ एप्रिलचा हट्ट धरला नाही. एप्रिलात अर्धी मुलं गावाला, उरलेली उन्हाने मेटाकुटीला. श्रावणातला शनिवार धरला, आणि हा आमचा सगळ्यात शहाणा निर्णय ठरला, कारण पावसाळ्यात अळ्या असतात.

वाटेच्या कडेला रुईचं झुडूप दिसलं. एक पोरगा ओरडला, "मारुतीची पानं!" शनिवारच असल्यामुळे दोघातिघांच्या घरी सकाळीच माळ झाली होती. मैत्रिणीने एक पान अलगद उलटवलं तर खाली अळी, पांढरे-काळे-पिवळे पट्टे, अंगावर काळ्या मिश्यांसारख्या तीन जोड्या. प्लेन टायगर फुलपाखराची अळी ती. रुईचा चीक आपल्या डोळ्यात गेला तर हॉस्पिटल गाठावं लागतं, आणि ही तेच पान कुरतडून खाते, त्यातलं विष अंगात साठवते, म्हणून मोठी होऊन फुलपाखरू झाल्यावरही पक्षी तिच्या नादाला लागत नाहीत. चाळीस मुलं त्या एका पानाभोवती. आप्पासुद्धा गुडघ्यावर हात ठेवून वाकलेले. मग कोणीतरी विचारलं की आमच्या सोसायटीत फुलपाखरं का येत नाहीत, तर मैत्रीण म्हणाली, येतात की, तुमच्या गेटजवळच्या त्या उंच खोट्या अशोकावर टेल्ड जे अंडी घालते, कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन घालते, पण अळी दिसली की तुमची मम्मी काय करते? "हिट मारते," असा एकसुरात आवाज. वहिनी माझ्याकडे बघून हसल्या, कारण त्यांच्या कढीपत्त्याची कुंडी सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे.

मग मिठीच्या बाजूला गेलो. पलीकडे तिवरं, त्यामागे बीकेसी. वारा फिरला आणि नदीचा तो वास आला. सोसायटीतल्या पोरांनी नाकं दाबली, धारावीतल्या पोरांनी नाही, ती त्यांच्याकडे बघून हसत होती. नाव मिठी आणि वास हा, यावर विनोद झालेच. ही नदी विहार आणि पवईच्या तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन येते आणि माहीमच्या खाडीत जाते, २६ जुलै २००५ ला हिनेच शहराला जागा दाखवली, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस. मुलांचा जन्म त्यानंतरचा, त्यांना ती गोष्ट आजीच्या गोष्टीसारखी वाटली. आम्ही त्यावर फार वेळ घालवला नाही, डास फाडून खात होते.

झाडाखाली सतरंजी टाकली, घरून आणलेले डबे उघडले, आणि जेवण झाल्यावर मानपत्राचा कार्यक्रम. आता ती अट. आप्पांनी मानपत्र छापून आणलं होतं, सोनेरी किनार, वर मंडळाचा लोगो, आणि जाड चकचकीत लॅमिनेशन. सोबत पुष्पगुच्छही, ठरलेला नसताना, 'रिकाम्या हाताने कसं जायचं' म्हणून, आणि तो पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, खाली स्पंज, वर रिबन. मी तो बघितला आणि पोटात गोळा आला. डम्पिंगवर उभ्या केलेल्या जंगलाला आम्ही प्लास्टिक घेऊन आलो होतो. दोष कोणाला देणार, दुकानदार तसाच देतो आणि आपण तसाच घेतो.

मी मानपत्र वाचलं. नऊ ओळी. कचऱ्याची ओळ आली तेव्हा अभ्यासिकेतली एक आठवीतली मुलगी मधेच म्हणाली, "टीचर, कचरा गेला कुठे मग?" मी म्हटलं, गेला नाही, आपण त्याच्यावरच बसलोय. सोसायटीतली दोन मुलं पटकन उठून उभी राहिली, सतरंजीखाली बघायला लागली. ती मुलगी मात्र बसल्या जागी माती उकरायला लागली, अगदी सराईत बोटांनी. तिचे वडील धारावीतल्या तेरा कंपाऊंडमध्ये भंगाराच्या गाळ्यावर प्लास्टिक वेगळं करायला बसतात, सुट्टीत ती पण जाते. तिने आम्हाला प्लास्टिकच्या जाती सांगायला सुरुवात केली. पेट वेगळं, एचडी वेगळं, पीपी वेगळं. बाटलीचं झाकण वेगळं, बाटली वेगळी. हाताने चुरगळलं की आवाजावरून कळतं, नाही कळलं तर जरासं जाळून वास घ्यायचा. धुऊन, तुकडे करून त्याचा दाना बनतो, दाना विकला जातो. मी आयुष्यात इतकं सरळ कोणाकडून पर्यावरण शिकले नव्हते. आप्पांनी तिला विचारलं, "आणि कुठलं प्लास्टिक कोणी घेत नाही?" ती म्हणाली, "गुटख्याची पुडी नाय घेत. वेफरचं पाकीट नाय घेत. चिकटलेलं असतं ना, दोन-तीन जातीचं." मग माझ्या हातातल्या मानपत्राकडे बोट करून, अगदी सहज, "हे पण नाय घेत. रद्दीवाला नाय घेणार, प्लास्टिकवाला पण नाय."

शांतता. मग आधी वहिनी हसल्या, मग सगळेच, आप्पा सगळ्यात शेवटी.

मैत्रिणीने वहीचं एक पान फाडलं आणि त्या मुलीला सांगितलं की तू लिही मानपत्र, तुझ्या भाषेत. तिने पाच मिनिटं पेन चावलं आणि लिहिलं. शुद्धलेखन तिचंच ठेवलं, तसंच्या तसं देते:

"हि जागा आधी कचर्‍याची होती. कचरा अजून खाली आहे. वर झाडे आहेत. झाडांना सतरा वर्ष कोणी तरी सांभाळले. रुईच्या पानावर आळी बघीतली. थॅन्क्यू."

खाली चाळीस सह्या, त्यात आप्पांची पण, पूर्ण नावासकट, कंसात अध्यक्ष. निघताना तो कागद आम्ही ऑफिसात देऊन आलो. पुष्पगुच्छाचं प्लास्टिक आणि रिबन काढून त्या मुलीने पिशवीत घातली, स्पंज तिलाही नको होता, तो मी घेतला.

हिशोब द्यायचा तर बारा हजारांतले तीन हजार उरले. ते पुढच्या वेळच्या बससाठी ठेवलेत, कारण मुलांनी परत कधी असं विचारलंय आणि आप्पांनी जाहीर 'हो' म्हणून टाकलंय. चुकांचा हिशोब वेगळा. अकरा जणांच्या कमिटीतले चार जणच आत गेलेले असताना आम्ही सन्मान ठरवला, ही पहिली. माहिती आधी आणि भेट नंतर केली, ही दुसरी, उलट केलं असतं तर दोन खर्डे वाचले असते. दोन्हीकडची मुलं एकत्र नेली पण बसमध्ये ती आपापल्या गटातच बसली, येताना थोडी मिसळली, ते आधी ठरवून करायला हवं होतं. एका मुलाला गांधीलमाशी चावली आणि आमच्याकडे ओडोमॉस सोडून काही नव्हतं, प्रथमोपचाराची पेटी मंडळाच्या कपाटात कुलपात. आणि अकरा वाजता आत शिरून दोनला निघालो, ती वेळ पक्ष्यांची नाहीच, पक्षी बघायचे तर सकाळी सातला गेटवर हवं, पण सातला शीवमध्ये चाळीस मुलं जमवून दाखवा.

पुढच्या महिन्यात मंडळाची मीटिंग झाली. आप्पांनी अहवालात लिहिलं की 'सन्मान सोहळा उत्साहात पार पडला'. मी सोहळा शब्द खोडला, त्यांनी परत लिहिला, शेवटी राहिला. वहिनींच्या कढीपत्त्यावर सध्या तीन अळ्या आहेत आणि त्या रोज सकाळी ग्रुपवर फोटो टाकतात, पानं किती उरली ते मोजून.

लॅमिनेट केलेलं मानपत्र माझ्या कपाटावर आहे. दोनदा रद्दीत घालायला काढलं, दोन्ही वेळा रद्दीवाल्याने बाजूला काढून परत दिलं.